रमाबाईंचे तीन दुष्काळ

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)

जेरुसलेममध्ये शिलोह नावाच्या ठिकाणी एक बुरूज कोसळला आणि त्याखाली अठरा माणसे दगावली. बातमी एवढीच. बुरूज कोणी बांधला, चुन्यात खोट होती की पाया खचला, मेलेले कोण होते, यातले काहीच लूकच्या शुभवर्तमानाने नोंदवलेले नाही. तेराव्या अध्यायात येशू या अपघाताचा उल्लेख करतो तो वेगळ्याच ओघात. यज्ञबळी अर्पण करणाऱ्या काही गालीली लोकांना रोमन सुभेदार पिलाताने कापून काढले, ही ताजी खबर लोकांनी त्याच्या कानावर घातली होती. सांगणाऱ्यांच्या मनात काय चालले आहे हे त्याला कळत होते. इतके भयंकर मरण आले, म्हणजे त्यांनी काहीतरी केलेच असणार! येशू साफ नाही म्हणतो. ते गालीली इतर गालीलकरांहून अधिक पापी नव्हते आणि बुरुजाखाली सापडलेले अठरा जणही शहरातल्या बाकीच्यांहून अधिक अपराधी नव्हते. मेलेल्यांचा हिशेब मांडण्यापेक्षा तुम्ही स्वतःकडे बघा, असे तो ऐकणाऱ्यांनाच बजावतो.

योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणूस समोर दिसताच शिष्य तोच प्रश्न विचारतात. पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? उत्तर पुन्हा नकारार्थीच. मग येशू खाली वाकतो, थुंकीने माती कालवतो, ती त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो आणि त्याला डोळे धुवायला पाठवतो. कुठे, तर त्याच शिलोहच्या तळ्यावर. कारणमीमांसा एका वाक्यात आटोपते, चिखलाचे काम मात्र तपशिलाने येते.

ख्रिस्ती धर्मपीठांना या दोन अध्यायांचा विसर अनेकदा पडला. साथ आली की ती देवाची शिक्षा, भूकंप झाला की तो इशारा, असली प्रवचने युरोपात शतकानुशतके झाली आणि आपल्याकडच्या चर्चमध्येही ती ऐकायला मिळाली आहेत. ‘ईयोब’ हे जुन्या करारातले पुस्तक जणू या सवयीवर आधीच लिहून ठेवले होते. ईयोबाची मुलेबाळे, गुरेढोरे, प्रकृती सगळे गेल्यावर त्याचे तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात. तोवर त्यांचे काहीच चुकलेले नसते. आठव्या दिवशी ईयोब तोंड उघडतो, त्याला उत्तर द्यायचे म्हणून तेही बोलू लागतात आणि पुढचे तीसेक अध्याय एकाहून एक सुसंगत, विद्वत्तापूर्ण आणि निरुपयोगी भाषणे चालतात. शेवटी देव रागावतो तो प्रश्न विचारून भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे, त्या मित्रांवर.

तेव्हा ‘ख्रिस्ती दृष्टीने दुःखाचा अर्थ काय’ हा प्रश्न सरळ घेतला, तर त्या मित्रांच्या रांगेत जाऊन बसण्याचा धोका आहे. प्रस्तुत वक्त्याने म्हणूनच आडवाट धरली आहे. दुःखाची व्याख्या करण्याऐवजी एका बाईच्या आयुष्यातले तीन दुष्काळ बघायचे. पंडिता रमाबाईंचे नाव महाराष्ट्राला नवे नाही. पण त्यांची विद्वत्ता, त्यांचे धर्मांतर आणि शारदासदनाचा वाद एवढ्यावरच आपली चर्चा बहुधा थांबते. भूक मागे राहते.

पहिला दुष्काळ त्यांचा स्वतःचा. 1858 साली पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या अरण्यात जन्मलेल्या रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले म्हणून शास्त्रीपंडितांचा रोष ओढवून घेतला होता. अरण्यातला आश्रम मोडला, कर्ज झाले आणि हे कुटुंब पुराण सांगत तीर्थातीर्थांवरून फिरू लागले. पुराणिकाने मजुरी करायची नाही आणि भीक मागायची नाही, हा घराचा नेम. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा उरलेसुरले द्रव्य दानधर्मात आणि देवकार्यात गेले. तिरुपतीच्या डोंगरातल्या जंगलात अकरा दिवस आणि अकरा रात्री या कुटुंबाने पाणी, झाडाची पाने आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्या. वडिलांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले. मुलाने, श्रीनिवासशास्त्रीने, आपण मजुरी करू असे सांगितले तेव्हा तो बेत टळला, पण मरण टळले नाही. 1874 साली आधी वडील गेले. मग आई अंथरुणाला खिळली.

आईचा प्रसंग रमाबाईंनी पुढे स्वतः लिहिला आहे. भुकेने व्याकूळ झालेल्या आईसाठी काही मागायला ही सोळा वर्षांची मुलगी शेजारच्या घरी गेली. भागवताचे हजारो श्लोक तिला तोंडपाठ होते, पण ‘वाढा’ हा एक शब्द तिला उच्चारता येईना. घरातल्या बाईने ओळखले आणि बाजरीची भाकरी हातावर ठेवली. आईला मात्र ती खाता आली नाही. प्रेताला खांदा द्यायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ आणि चौथी रमा. उंची कमी पडत होती म्हणून तिने आपल्या बाजूची तिरडी डोक्यावर घेतली. थोड्याच दिवसांत थोरली बहीणही पटकीने गेली.

मग बहीणभाऊ पायी निघाले. रमाबाईंच्या अंदाजाने ही वाटचाल चार हजार मैलांच्या वर भरली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीची रात्र काढायची वेळ आली. अंगावर पुरेसे कपडे नव्हते. दोघांनी वाळूत दोन खड्डे खणले, आत बसले आणि मानेपर्यंत कोरडी वाळू ओढून घेतली. 1878 साली कलकत्त्याने याच मुलीला ‘सरस्वती’ म्हणून डोक्यावर घेतले. त्यानंतर दोन वर्षांत भाऊ वारला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झाले, मुलगी झाली आणि फेब्रुवारी 1882 मध्ये पटकीने नवराही गेला. रमाबाई तेव्हा चोविशीच्याही झाल्या नव्हत्या. माहेरचे सारे आणि नवरा संपलेला, कडेवर दहा महिन्यांची मनोरमा.

या टप्प्यावर कोणी त्यांना दुःखाचा अर्थ सांगायला आला असता तर? आले होते, पुष्कळ आले होते. विधवा झाली ती पूर्वजन्मीच्या पापाने, हे उत्तर समाजात तयारच होते. इंग्लंडला गेल्यावर वेगळी उत्तरे मिळाली. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार 1977 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यात दिसते ती रमाबाई कोणाचीही तयार उत्तरे निमूट गिळणारी नाही. त्रैक्याचा सिद्धांत पटत नाही तर नाही पटत, चर्चचा अधिकार म्हणून मान तुकवायची नाही. ज्यांनी बाप्तिस्मा दिला त्यांच्याशीच ती वर्षानुवर्षे भांडते आहे. बरोबर आलेली मैत्रीण आनंदीबाई भगत हिने 1883 मध्ये वाँटेजलाच जीव दिला. रमाबाईंना डॉक्टर व्हायचे होते, तर बहिरेपणाने ते स्वप्न हिरावून घेतले. 29 सप्टेंबर 1883 चा बाप्तिस्मा या सगळ्याच्या मधोमध येतो. तो सुखाच्या शोधात घेतला असे म्हणणे कठीण.

त्यांना हलवले ते सिद्धांताने नाही, लंडनजवळच्या फुलहॅम इथल्या एका घराने. वाँटेजच्या सिस्टर्स तिथे समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बायकांना सांभाळत होत्या. ज्यांचे नाव घ्यायलाही सभ्य लोक कचरतात त्यांची इतकी विचारपूस का करता, असे रमाबाईंनी विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली, विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. पाच नवरे झालेली, भर दुपारी एकटी पाण्याला आलेली ती बाई. येशू तिच्याकडे आधी पाणी मागतो, उपदेश मागाहून येतो. एवढी गोष्ट आणि ते घर, यांनी रमाबाईंचे मन वळवले. तरीही ‘ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता’ अशा आशयाचे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. तो सापडल्याची ग्वाही त्या देतात ती आठ वर्षांनंतरची, 1891 ची.

दुसरा दुष्काळ 1896-97 चा. विधवांसाठी रमाबाईंनी काढलेले शारदासदन तेव्हा पुण्यात होते. मुलींना ख्रिस्ती केले जाते या आरोपावरून उठलेल्या 1893 च्या वादळात रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले होते आणि वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले होते. संस्था कशीबशी सावरत होती. मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या आल्या तेव्हा रमाबाईंची पहिली इच्छा तिकडे न जाण्याची होती, हे त्यांनीच लिहिले आहे. पैसा नव्हता हे एक कारण, पण खरी भीती पुन्हा ते बघावे लागण्याची. जिने पाने चावून अकरा दिवस काढले, तिला दुष्काळ कसा दिसतो हे वर्तमानपत्रातून कळायची गरज नव्हती.

तरी त्या गेल्या. आणि त्यांचे डोळे काय बघतात ते लक्ष देण्यासारखे आहे. धान्याचे भाव आणि मदतकामांवरच्या मजुरांची संख्या हा सरकारी अहवालांचा विषय होता. रमाबाईंना दिसल्या त्या छावण्यांभोवती घिरट्या घालणाऱ्या आणि निराधार पोरी हेरणाऱ्या बायका व पुरुष. भुकेली मुलगी भाकरीच्या तुकड्यासाठी कोणाच्याही मागे जाते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. भीक मागताना जीभ का अडखळते, हेही त्यांना माहीत होते. तीनशे मुली आणायचा त्यांनी संकल्प केला. पुण्यात प्लेगच्या नियमांमुळे एवढ्या मुली ठेवणे शक्य नव्हते, तेव्हा केडगावला फळबागेसाठी घेतलेल्या शंभरेक एकर जमिनीवर राहुट्या आणि छपरे उभी राहिली. मुक्तिसदन म्हणतात ते यातून उभे राहिले. संस्थेने स्वतःच्या पिकावर जगावे म्हणून ती जमीन घेतली होती, पण झाडे मोठी व्हायच्या आत मुली आल्या.

तिसरा दुष्काळ 1899-1900 चा, गुजरातेत ज्याला ‘छप्पनियो’ म्हणतात तो, संवत 1956 चा. या वेळी रमाबाईंनी गुजरात-राजपुतान्याकडे ज्यांना पाठवले त्यांत 1897 ला स्वतः हाडांचा सापळा होऊन आलेल्या मुली होत्या. तीन वर्षांत वाचलेलीची वाचवणारी झाली होती. केडगावची वस्ती जवळपास दोन हजारांवर गेली. आता आकडा सांगून पुढे जाणे सोपे, पण दोन हजार माणसांचा रोजचा स्वयंपाक, दुष्काळानंतर हमखास येणारे जुलाब, गोवर, खरूज, उवा, पाण्यासाठी खणायच्या विहिरी हे सगळे त्या आकड्यात दडलेले आहे. आंधळ्या मुलींना ब्रेल लिपी शिकवायची सोय मनोरमेने केली. ‘कृपासदन’ हा विभाग फुलहॅमच्या धर्तीवर निघाला. विणकाम, शेती, तेलाचा घाणा, छापखाना असे उद्योग सुरू झाले. दुःखाचे अध्यात्म केडगावात बरेचसे असे कष्टाच्या रूपात होते.

इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो बाजूला सारून पुढे जाणे अप्रामाणिक होईल. या मुलींपैकी अनेकींचा बाप्तिस्मा झाला. भाकरीच्या बदल्यात धर्म घेतला, हा आरोप तेव्हाही झाला आणि आजही होतो. रमाबाई ख्रिस्ती धर्माच्या निःसंकोच प्रचारक होत्या, त्यात लपवण्यासारखे त्यांना काही वाटत नव्हते. पण उपाशी पोर आणि तिला जेवू घालणारी संस्था यांच्यातले नाते बरोबरीचे नसते आणि अशा नात्यात ‘स्वेच्छा’ किती असते हे मोजायला कुठले मापही नाही. हा प्रश्न रास्त आहे. मात्र तो विचारणाऱ्या पुष्कळ सभ्य मंडळींनी त्या पोरींना आपल्या ओसरीवर घेतले नव्हते, हीदेखील त्याच काळाची गोष्ट.

दुःख उपयोगी असते, माणसाला घडवते, देव त्यातून शिकवतो, हे ख्रिस्ती वाङ्मयात फार आढळते. त्याचा सगळ्यांत भक्कम पुरावा एका शल्यविशारदाने दिला, तोही तमिळनाडूत. मिशनरी आईबापांच्या पोटी कोल्ली डोंगरात 1914 साली जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड 1946 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांची बोटे रोगानेच झडतात असा तेव्हा समज होता. ब्रँड यांनी बारकाईने पाहिले तेव्हा कळले की जंतू नसांची संवेदना मारतो आणि बाकीचा नाश माणूस नकळत स्वतःच करतो. तापलेले भांडे हातात धरून ठेवतो, खिळा घुसलेल्या पायाने चालत राहतो. रात्री झोपेत उंदीर बोटे कुरतडत, तरी जाग येत नसे. म्हणून रोग्यांना जवळ मांजर ठेवायला सांगण्यात आले! पुढे अमेरिकेत कार्व्हिलला ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम वेदनायंत्रणा बनवायचा खटाटोप केला. हातमोज्यात यंत्र बसवून दाब वाढला की इशारा द्यायचा. तो फसला. इशारा सौम्य असला तर लोक दुर्लक्ष करत आणि तीव्र केला तर यंत्रच बंद करून टाकत. वेदना ही कोणालाच नको असलेली देणगी आहे, हा ब्रँड यांचा निष्कर्ष या अनुभवांतून आलेला आहे.

शरीरापुरता तो निष्कर्ष वक्त्याला पूर्ण मान्य आहे. पण शरीराच्या वेदनेवरून उडी मारून दुष्काळाला देणगी म्हणता येत नाही. हात भाजला की हात मागे घेता येतो. मरणाऱ्या आईसमोर भाकरी घेऊन बसलेल्या मुलीने काय मागे घ्यायचे? ब्रँड यांचे मोठेपण असे की ते तिथे थांबले. त्यांनी रोग्यांना वेदनेचे तत्त्वज्ञान सांगण्यात वेळ घालवला नाही. शाबूत स्नायूंच्या कंडरा वळवून वाकड्या झालेल्या हातांची शस्त्रक्रिया केली आणि मग त्या हातांना सुतारकामाची सवय लावली.

अर्थ शोधण्याची आणखी एक बाजू आहे, ती फारशी बोलली जात नाही. एकाला सापडलेला अर्थ दुसऱ्याच्या दुःखाचे कारण होऊ शकतो. 10 फेब्रुवारी 1895 रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या दृष्टीने ही आयुष्यभराच्या शोधाची फलश्रुती. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने त्या दिवशी घर मोडले. नवरा जिवंत, पण गेलेला. लहान मुलाला घेऊन नातेवाइकांकडे, पंढरपुरात, असे दिवस काढत त्यांनी जे भोगले ते ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात आहे आणि तेही वाचकाला हसवत. 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला तो वर्षानुवर्षांच्या घालमेलीनंतर, सोवळ्याओवळ्याची एकेक गाठ स्वतःच्या हाताने सोडवत, नवऱ्याने सांगितले म्हणून नव्हे. टिळकांचा अर्थ त्यांनी उसना घेतला नाही, आपला आपण मिळवला. मराठी ख्रिस्ती साहित्यात दुःखाविषयी याहून शहाणे पुस्तक वक्त्याच्या वाचनात नाही, आणि त्यात दुःखावर प्रवचन म्हणून एक पान नाही.

रमाबाईंकडे परत येताना 1897 सालचाच एक प्रसंग घ्यावा लागतो. त्यांच्या स्तुतिपर चरित्रांत तो बहुधा घाईने आटोपला जातो. पुण्यात प्लेगचा बंदोबस्त चालू होता. रमाबाईंच्या आश्रयातली एक मुलगी प्लेगच्या सरकारी व्यवस्थेत गेली आणि तिचा पत्ता लागेनासा झाला. आता विचार करावा. देवाने आपल्याला दुःखातून तारले असे मानणारी, प्रार्थनेवर विसंबणारी ही बाई. सरकार ख्रिस्ती, देणगीदार इंग्रज आणि अमेरिकन. केडगावात तीनशे तोंडे. गप्प बसायला यापेक्षा सबळ कारणे कोणाला मिळाली असती? हे सारे देवाच्या इच्छेने घडते आहे, असे म्हणायची तर भाषाही हाताशी होती.

रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकात पत्र लिहिले. प्लेगच्या छावणीत आणि इस्पितळात तरुण मुलींना कसे वागवले जाते, पहारा कसा असतो, आपल्या मुलीचे काय झाले, हे त्यांनी नाव न लपवता जाहीरपणे मांडले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ते आरोप फेटाळून लावले. चार वर्षांपूर्वी शारदासदनावर तुटून पडलेल्या पुण्यातल्या राष्ट्रीय पक्षाला आणि या बाईला एकाच गोष्टीचा, प्लेगच्या बंदोबस्ताचा, राग यावा, असा तो चमत्कारिक उन्हाळा होता.

मनोरमा 24 जुलै 1921 रोजी वारली. आईच्या मागे संस्था तिनेच चालवायची असे ठरलेले होते. रमाबाई त्यानंतर जेमतेम साडेआठ महिने जगल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून केलेल्या मराठी बायबलचे काम हातात होते, ते त्यांनी सोडले नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. ते बायबल 1924 मध्ये केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले. खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतची कामे तिथे आश्रमातल्या बायकाच करत असत.